मुलाचं लक्ष लागत नाही, हा दोष हवेचाच का?

एका आईचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली मोठा रस्ता, आणि शाळा तर सिग्नलला चिकटूनच. मागच्या महिन्यात वर्गशिक्षिकेनी बोलावून सांगितलं की तो वर्गात हरवल्यासारखा असतो, फळ्यावरचं उतरवून घेताना मागे पडतो, तीन सूचना एकदम दिल्या की दोन विसरतो. नेमकं त्याच सुमारास ह्यांनी कुठेतरी वाचलं की प्रदूषणामुळे मुलांचा आयक्यू कमी होतो, आणि तेव्हापासून झोप उडालीय. दिवसभर फोनवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब त्याचा आकडा, बघणं चालू, मुलाचं फुटबॉल बंद, हॉलमधे एअर प्युरिफायर आलाय. "गरोदरपणात शेवटपर्यंत ट्रॅफिकमधून स्कूटरवर ऑफिसला जात होते, तेव्हाच मी त्याची वाट लावली का?" असं त्या विचारतात. नवऱ्याचं म्हणणं, "आपण पण धुरातच वाढलो, काय झालं आपल्याला?" ह्यांना नोकरी सोडून मुलाला घेऊन आईकडे, लहान गावात राहायला जायचंय, नवरा नाही म्हणतोय. प्रश्न दोन: झालेलं नुकसान भरून येईल का, आणि गाव बदलावं का. शेवटी जाता जाता लिहिलंय की तो रात्री घोरतो, तोंड उघडं ठेवून झोपतो, सर्दी तर कायमचीच, आणि डासांमुळे बेडरूममधे कॉइल लावावी लागते, "तोही धूरच ना?"

ताई, पत्रातली सगळ्यात कामाची वाक्यं तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. सात वर्षांचा मुलगा रोज घोरतो, तोंडाने श्वास घेतो, सर्दी हटत नाही आणि दिवसा वर्गात हरवलेला असतो, हे वाचल्यावर आयक्यूच्या आधी माझ्या डोक्यात त्याचं नाक आलं. नाकाच्या मागच्या बाजूला टॉन्सिलसारख्या मऊ गाठी, म्हणजे अ‍ॅडेनॉइड असतात, ते आणि टॉन्सिल वाढले की झोपेत श्वास अडकतो, झोप रात्रभर तुटत राहते आणि सकाळी मूल उठतं ते दमलेलंच. मोठी माणसं झोप झाली नाही की पेंगतात, मुलं पेंगतातच असं नाही, ती चुळबुळ करतात, चिडचिड करतात, लक्ष उडतं. त्यात वाढलेल्या अ‍ॅडेनॉइडमुळे बऱ्याच मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही काही नाही, फक्त ऐकू थोडं कमी येतं, आणि तेही एका आठवड्यात बरं तर दुसऱ्या आठवड्यात कमी. अशा मुलाला सिग्नलच्या आवाजात बाईंच्या तीन सूचनांपैकी एकच पोचली तर ती त्याची स्मरणशक्ती नाही, त्याचे कान आहेत. आणि फळ्यावरचं उतरवताना मागे पडतो म्हणताय, तर डोळे तपासून कधी झाले?

त्यामुळे पहिलं काम हे: दोनतीन रात्री त्याच्या झोपेचा फोनवर व्हिडिओ काढा, आवाजासकट, छाती दिसेल असा, आणि तो घेऊन आधी मुलांच्या डॉक्टरांकडे आणि मग ईएनटीकडे जा. श्वास मधेच थांबून एकदम हुंदका दिल्यासारखा येतो का, ते मुद्दाम बघा. कानाची तपासणी, डोळ्यांची तपासणी, आणि डॉक्टरांना वाटलं तर रक्तातलं लोह, कारण लोह कमी असलं तरी मुलांचं लक्ष लागत नाही. हे सगळं नॉर्मल आलं आणि अडचण तशीच राहिली तर मग लर्निंग डिसॅबिलिटी, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा जास्त अशी अवस्था) ह्यासाठी रीतसर तपासणी असते, तीही करून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एवढं मात्र आत्ताच सांगते की उद्या टॉन्सिलचं ऑपरेशन सुचवलं तर त्याला जादूची कांडी समजू नका. ५ ते ९ वयाच्या ४६४ मुलांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती, २०१३ साली निकाल आले, त्यात ऑपरेशन झालेल्या मुलांची झोप आणि वागणूक सुधारली पण लक्ष देण्याच्या चाचणीत, ऑपरेशन न करता नुसती देखरेख ठेवलेल्या मुलांपेक्षा फार फरक पडला नाही. तेव्हा काय करायचं ते त्याला तपासून डॉक्टर सांगतील.

आणि हो, ह्यात हवेचा संबंध नाही असं मी म्हणत नाहीये हां. खराब हवेत अ‍ॅलर्जीची सर्दी वाढते, नाक चोंदतं. पण "धुराने मेंदू गेला" आणि "धुराने नाक चोंदलंय म्हणून झोप होत नाहीये" ह्यातल्या दुसऱ्यावर ह्याच महिन्यात इलाज करता येतो. तुम्ही पहिल्यावरच अडकून बसलात आणि त्या भीतीत बाकी कुठे बघितलंच नाहीत, ही माझी तक्रार आहे.

आता तुम्ही जे वाचलंत त्याबद्दल. ते खोटं नाहीये. मुलं वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, त्यांचा मेंदू अजून घडत असतो, आणि पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या वीस-तीस पटींनी बारीक कण फुप्फुसात खोल जातात, शरीरात दाह वाढवतात, त्याहून सूक्ष्म कण तर रक्तातही उतरतात. बार्सिलोनात २०१२-१३ मधे ३९ शाळांतल्या ७ ते १० वयाच्या २,७१५ मुलांची वर्षभरात चार वेळा कॉम्प्युटरवर चाचणी घेतली. बाकी गोष्टींबरोबर वर्किंग मेमरी मोजली, म्हणजे ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करायची ताकद. कमी प्रदूषण असलेल्या शाळांमधे ती वर्षभरात ११.५ टक्क्यांनी वाढली आणि जास्त प्रदूषण असलेल्या शाळांमधे ७.४ टक्क्यांनी. हे दोन आकडे नीट वाचा, वाढ दोन्हीकडे झालीय. धुरातल्या शाळेतल्या मुलांची बुद्धी "गेली" असं कुणी म्हटलेलं नाही, वेग कमी पडला.

आयक्यूची बातमी बहुतेक न्यूयॉर्कच्या अभ्यासावरून आली असणार. तिथे कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजणारी बॅग दिली, दोन दिवस ती घालूनच त्या फिरल्या, आणि मुलं पाच वर्षांची झाल्यावर २४९ मुलांचा आयक्यू तपासला. इंधन जळताना निघणारी पीएएच नावाची रसायनं जास्त असलेल्या गटातल्या मुलांचा आयक्यू सरासरी ४.३१ पॉइंटनी कमी निघाला. पण २०१४ साली युरोपातल्या सहा ठिकाणच्या ९,४८२ मुलांचा एकत्र अभ्यास आला, त्यात गरोदरपणात हवेत नायट्रोजन डायऑक्साइड (वाहनांच्या धुरातला एक वायू) जास्त असेल तर मुलांच्या हालचालींच्या विकासात थोडा फरक दिसला, आकलनात आणि भाषेत दिसला नाही. म्हणजे सगळे अभ्यास एकाच सुरात बोलत नाहीत, बातमीत मात्र एकच सूर येतो, आणि तोही भीतीचा.

पण समजा चार पॉइंट हा आकडा अगदी बरोबर आहे असं धरलं, तरी त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काय कळतं? काहीच नाही. ही सरासरी आहे. वर्गाची सरासरी उंची एका इंचाने घटली म्हणून तुमचा मुलगा किती उंच आहे ते थोडंच सांगता येतं? एकाच मुलाची आयक्यू टेस्ट काही महिन्यांनी परत घेतली तर झोप, मूड, घेणारी व्यक्ती ह्यावरून तीनचार पॉइंट सहज इकडेतिकडे होतात. सरासरीचा आकडा मोठा ठरतो तो अख्ख्या समाजासाठी. आयक्यू ७० च्या खाली असलेली मुलं शंभरात साधारण दोन असतात, सगळ्यांची सरासरी चार पॉइंटनी खाली सरकली तर ती चारच्या वर जातात, म्हणजे जवळपास दुप्पट. हे सरकारनं, महापालिकेनं, शाळेनं झोप उडवून घ्यायचं कारण आहे, आणि बघा ना, उडालीय कुणाची, तर तुमची.

तुमच्या मिस्टरांना पण दोन शब्द. "आपल्याला काय झालं" ह्या वाक्यात अडचण ही आहे की झालं असतं तरी आपल्याला कळलं नसतं. शिशाची गोष्ट घ्या. १९७९ मधे हर्बर्ट नीडलमन ह्या अमेरिकन डॉक्टरांनी शाळेतल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. ही मुलं दिसायला ठणठणीत, कुणाला विषबाधेचं एकही लक्षण नाही, आणि तरी ज्यांच्या दातात शिसं जास्त त्यांचा आयक्यू कमी होता आणि वर्गात त्यांचं लक्ष कमी असतं असं त्यांच्या शिक्षकांनीच, दातांचं काही माहीत नसताना, लिहून दिलं होतं. तेव्हा पेट्रोलमधे शिसं घालायचे, आणि तेव्हा पण लोक म्हणायचेच की आम्ही ह्याच पेट्रोलच्या धुरात वाढलो. जगातला शेवटचा शिसंवाल्या पेट्रोलचा पंप बंद व्हायला २०२१ उजाडलं. तेव्हा मिस्टर शांत राहा म्हणतायत ते बरोबर, पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं.

आणि तुमचं ते अपराधीपण. तुम्ही पोट भरायला ऑफिसला जात होतात, रस्त्यावरचा धूर तुम्ही सोडलेला नव्हता, आणि तेव्हा तुम्हाला हे कुणी सांगितलंही नव्हतं. "भरून येईल का" ह्याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, पण एक गोष्ट सांगते. चीनमधे टोंगलियांग नावाच्या ठिकाणी गावाजवळचं कोळशावरचं वीजकेंद्र २००४ मधे बंद केलं. ते चालू असताना जन्मलेल्या मुलांमधे, नाळेच्या रक्तात धुराच्या खुणा जितक्या जास्त तितका दोन वर्षांच्या वयात विकास मागे, असं दिसलं होतं. बंद झाल्यावर जन्मलेल्या मुलांमधे खुणा कमी झाल्या आणि ते नातंही दिसेनासं झालं. म्हणजे हवा सुधारली की पुढच्या मुलांना फायदा होतो. आणि सातव्या वर्षी मेंदूचं काम संपलेलं नसतं, लक्ष धरून ठेवणं, घाई आवरणं हे तर अगदी तरुणपणापर्यंत पिकत राहतं. झोप, खेळ, वाचून दाखवणं, गप्पा, हे सगळं त्यात मोजलं जातं, आणि ते तुमच्या हातात आहे.

आता घरात काय करायचं ते, जरा तपशिलात, कारण इथे सगळेच गडबड करतात. तुमचा प्युरिफायर हॉलमधे आहे आणि मुलगा नऊदहा तास झोपतो बेडरूममधे, कॉइलच्या धुरात. २००३ साली आलेल्या एका अभ्यासात मोजलं होतं की एक कॉइल पूर्ण जळली की त्यातून ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण बाहेर पडतात. एक्यूआय बघायला फोन उघडायची गरजच नाही, सगळ्यात खराब हवा त्याच्या उशाशी आहे. तर आज रात्रीपासून कॉइल बंद, मच्छरदाणी आणि खिडक्यांना जाळी, आणि प्युरिफायर त्याच्या खोलीत. दार-खिडकी लावून, झोपायच्या तासभर आधी मोठ्या स्पीडवर आणि मग झोपमोड होणार नाही अशा स्पीडवर. खोलीच्या मापाचा हवा, खरा हेपा फिल्टर हवा, आणि आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर ते बंदच ठेवा, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. हेपा कण पकडतो, वायू नाही, म्हणून गॅसच्या शेगडीचा नायट्रोजन डायऑक्साइड त्याने जात नाही. त्याला उपाय एक्झॉस्ट फॅन आणि उघडी खिडकी, आणि स्वैपाक चालू असताना अभ्यासाला त्याला त्याच ओट्याजवळ बसवायचं नाही. खोली दिवसरात्र बंद ठेवली तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोकं जड होतं, म्हणून रस्त्यावरची गर्दी ओसरल्यावर रोज थोडा वेळ खिडक्या उघडाच, शक्यतो रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या. मागच्या बाजूला खोली असेल तर त्याचा पलंग सरळ तिकडे हलवा, फुकटातला सगळ्यात चांगला उपाय आहे हा.

कुंड्यांनी हवा शुद्ध होते हे विसरा. नासाचा १९८९ चा प्रयोग छोट्या हवाबंद पेटीतला होता, घरात तेवढा परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला निदान दहा आणि कदाचित शेकडो झाडं लागतील असं नंतर हिशोब करून दाखवलंय. गळ्यात घालायचे प्युरिफायर, मेंदू "डिटॉक्स" करणारी सिरपं, ह्यावर एक पैसा घालवू नका. एन ९५ चा मास्क मोठ्यांना चालतो, सात वर्षांच्या चेहऱ्यावर तो कडेने उघडा राहतो, त्यामुळे फार खराब दिवशी मुलांच्या मापाचा घट्ट बसणारा मिळाला तर ठीक, नाहीतर त्या दिवशी घरात थांबणं बरं.

शाळेत जातायेताचा रस्ता बघा. बार्सिलोनाच्याच मुलांमधे असंही दिसलं की पायी शाळेत जाताना वाटेत धूर जास्त असेल तर वर्किंग मेमरीची वाढ कमी. त्यावर उत्तर चालणं बंद करणं हे नाही! गाडीच्या आत बऱ्याचदा बाहेरच्याइतकाच किंवा जास्त धूर असतो, कारण पुढच्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर थेट आत येतो. मोठ्या रस्त्यापासून एक गल्ली आत गेलं की वाहनांचे सूक्ष्म कण चटकन कमी होतात, दीडशे ते तीनशे मीटरवर तर बरेचसे आजूबाजूच्या हवेइतकेच उरतात. तेव्हा आतल्या गल्लीने जा, पाच मिनिटं जास्त लागली तरी, आणि सिग्नलला थांबायचं असेल तर कडेला नाही, चार पावलं मागे उभं राहा.

फुटबॉल परत सुरू करा, ह्यावर मी वाद घालणार नाही. पळण्याने झोप सुधारते, लक्ष सुधारतं, मित्र मिळतात, ते काढून घेऊन तुम्ही त्याला सोफ्यावर बसवलंत, तेही बालकनीचं दार उघडं असलेल्या हॉलमधे. मैदान रस्त्यापासून आत असलेलं निवडा, थंडीच्या दिवसात पहाटे टाळा कारण गार हवेत धूर खाली बसून राहतो, आणि कडक उन्हाळ्यात भर दुपार टाळा कारण तेव्हा ओझोन वाढतो. अ‍ॅप दिवसातून एकदा बघा, खेळायला निघायच्या आधी, बास. तो आकडा कुठल्यातरी दूरच्या स्टेशनवरचा असतो, प्रत्येक देशाचं एक्यूआयचं मोजमापही वेगळं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा, वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम पीएम २.५, इतकी कडक आहे की जगातली बहुतेक शहरं त्यात बसतच नाहीत. त्या आकड्याकडे बघत बसून फक्त तुमची छाती धडधडते, मुलाच्या फुप्फुसात काही कमी जात नाही.

शाळेकडे मात्र जा, आणि एकट्या जाऊ नका, चारपाच पालक मिळून जा. मागणी छोटी आणि ठरलेली ठेवा: सुटायच्या वेळी गेटसमोर बस आणि गाड्यांची इंजिनं बंद, सिग्नलकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळेला बंद आणि मधल्या सुट्टीत उघड्या, लहान वर्ग मागच्या बाजूला, प्रार्थना आणि पीटी रस्त्याकडच्या अंगणात नाही. ह्यात कुणाला फार खर्च नाही म्हणून नाही म्हणणं अवघड जातं. (गेटवर गाडी चालू ठेवून एसीत बसणारे आपल्यातलेच असतात, त्यांच्याशी आधी बोला.) बार्सिलोनाने २०२० पासून शाळांसमोरचे रस्तेच बदलायला घेतले, लेन कमी केल्या, बसायला जागा केल्या.

राहिला गाव बदलायचा प्रश्न. आत्ता नाही, असं माझं स्पष्ट मत. लहान गाव म्हणजे स्वच्छ हवा असं तुम्ही धरून चाललायत, पण चुलीचा धूर, कचरा जाळणं, शेत जाळणं, जवळची भट्टी ह्यांनी लहान गावाची हवा शहराइतकी खराब होऊ शकते, निदान दोनतीन ऋतूंमधे ती बघितली पाहिजे. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा: रोज दिसणारा बाबा, त्याचे मित्र, तुमचा पगार, आणि ईएनटी, थेरपिस्ट, चांगली शाळा जवळ असणं. एवढं सगळं कदाचित नाकातल्या अ‍ॅडेनॉइडसाठी सोडायचं? मधले पर्याय तुम्ही पत्रात लिहिलेच नाहीत, एकतर हेच घर नाहीतर आईचं गाव. त्याच भागात दोन गल्ल्या आतलं घर, त्याच बिल्डिंगमधे मागच्या बाजूचा फ्लॅट, पुढच्या वर्षी आतल्या रस्त्यावरची शाळा, ह्यातलं एकही संसार मोडून करायचं नाहीये.

तपासण्या होऊ देत, औषध किंवा जे काय सांगतील ते होऊ देत, घरातले बदल दोनतीन महिने चालू देत, आणि मग बाईंना परत भेटा. त्याला दम्यासारखा त्रास निघाला, किंवा शाळा काहीच हलवायला तयार नसली, तर घर किंवा शाळा बदलायचा विषय नक्की काढा. पण त्या दिवशी मिस्टरांसमोर बसताना आयक्यूची बातमी बाजूला ठेवा आणि भाडं, दोघांच्या ऑफिसचं अंतर आणि अ‍ॅडमिशनच्या तारखा असा कागद घेऊन बसा, म्हणजे त्यांनाही नुसतं "काही होत नाही" म्हणून उठता येणार नाही.